जपानला निघण्यापूर्वी: संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची पूर्वतयारी

दरवर्षी ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो. त्यांनी दिलेले स्नानसंस्कार, त्यांच्या नावावर सांगितले जाणारे चमत्कार आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेत जतन केलेले त्यांचे अवशेष ह्यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दर दहा वर्षांनी होणाऱ्या अवशेषदर्शनाला आपल्या धर्मग्रामांतून बसगाड्या भरून भाविक जातात. २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत झालेल्या दर्शनसोहळ्यातही हेच दृश्य दिसले. परंतु ह्या संताच्या जीवनाची एक बाजू प्रवचनांतून फारशी पुढे येत नाही. ती म्हणजे दूरदेशी जाण्यापूर्वी त्यांनी केलेली तयारी.

हा विषय आता मांडण्याचे कारणही सांगतो. हल्ली काही युवक-युवती थोड्या आठवड्यांसाठी वा महिन्यांसाठी परदेशात मिशनकार्याला जाण्याची इच्छा व्यक्त करतात आणि सल्ला घ्यायला येतात. पासपोर्ट, व्हिसा, लसी, विमानभाडे ह्यांची चौकशी त्यांनी आधीच केलेली असते. ती करायलाच हवी. त्यानंतर आणखी काय करायचे, असे ते विचारतात, तेव्हा मी त्यांना संत झेवियर ह्यांच्या जपानयात्रेची हकिगत सांगतो. ते जपानमध्ये राहिले जेमतेम सव्वादोन वर्षे. तयारीला मात्र त्यांनी सोळा महिने दिले होते.

आयुष्यातील पहिल्या मोठ्या प्रवासाला मात्र त्यांना तयारीसाठी एक-दोन दिवसच मिळाले होते. नावार प्रांतातील झेवियरच्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मलेला हा सरदारपुत्र १५२५ साली शिक्षणासाठी पॅरिसला गेला. तेथे सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि पुढे इग्नेशियस लोयोला त्यांच्या खोलीत राहावयास आले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी ह्या मित्रांनी मोंमार्त्र टेकडीवर व्रते घेतली, आणि १५३७ साली व्हेनिस येथे झेवियर ह्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी मिशनरी मागितले, तेव्हा झेवियर ह्यांची निवड झाली नव्हती. जायचे होते फादर बोबाडिला ह्यांना. ते रोमला पोहोचले तेच आजारी होऊन, आणि पोर्तुगालचा वकील तर निघण्याच्या बेतात होता. स्वतः अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस ह्यांनी झेवियर ह्यांना बोलावून घेतले. झेवियर ह्यांनी तत्काळ होकार दिला, आपले जुने कपडे ठिगळे लावून नीट केले आणि मार्च १५४०मध्ये रोम सोडले. हिंदुस्थानातील लोकांविषयी, त्यांच्या भाषांविषयी, त्यांच्या धर्मांविषयी त्यांना जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते.

आज्ञापालनाचा हा आदर्श आम्हांला सेमिनरीत मोठ्या अभिमानाने सांगितला जाई, आणि तो अभिमान योग्यच होता. परंतु अशा घाईची किंमत काय असते, हे स्वतः झेवियर ह्यांना लवकरच कळले. १५४२ साली गोव्याला पोहोचल्यावर त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर परवा कोळी बांधवांमध्ये गेले. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणाऱ्या माणसांना जमवून त्यांनी प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करून घेतले, ते तोंडपाठ केले आणि हातात घंटा घेऊन गावोगाव मुलांना शिकवले. पुढे १५४४ साली त्यांच्या ध्यानात आले की, विश्वासांगीकाराच्या आरंभीच चूक राहून गेली होती. विश्वास धरतो ह्या अर्थाच्या शब्दाच्या जागी हवे आहे अशा अर्थाचा शब्द पडला होता. हजारो लोक तो शब्द म्हणत होते. झेवियर ह्यांनी आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहून दुरुस्ती कळवली. हा प्रसंग ते विसरले नसावेत, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून वाटते.

१५४७च्या डिसेंबरमध्ये मोलुक्का बेटांवरून परतताना ते मलाक्का येथे थांबले होते. तेथील टेकडीवरील पवित्र मरियामातेच्या मंदिरात जॉर्ज आल्व्हारेस नावाचा पोर्तुगीज जहाजकप्तान एका जपानी गृहस्थाला घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे नाव अंजिरो, गाव कागोशिमा. त्याच्या हातून मनुष्यहत्या घडली होती आणि पाठलाग चुकवण्यासाठी तो पोर्तुगीज जहाजावर चढला होता. मन शांत होत नव्हते. पापक्षमेचा मार्ग दाखवील असा एक फादर मलाक्कात आहे, असे त्याला प्रवासात समजले. त्यासाठी तो पूर्वी एकदा मलाक्काला येऊन गेला होता, पण तेव्हा झेवियर बेटांवर गेलेले होते. निराश होऊन तो मायदेशी निघाला, किनारा दृष्टीच्या टप्प्यात आला, आणि वादळाने त्याला पुन्हा चीनच्या किनाऱ्याला आणून टाकले. तेथून तो दुसऱ्यांदा मलाक्काला आला.

झेवियर ह्यांनी त्याला विचारले की, आपण तुझ्या देशात आलो तर तुझे लोक ख्रिस्ती होतील का. अंजिरोने खरे ते सांगितले. लगेच होणार नाहीत. आधी ते अनेक प्रश्न विचारतील, उत्तरे तोलून पाहतील, आणि मुख्य म्हणजे तुमची वागणूक तुमच्या बोलण्याशी जुळते की नाही ह्यावर नजर ठेवतील. असे सहा महिने गेल्यावर ते निर्णय घेतील. ह्या उत्तराने दुसरा एखादा खट्टू झाला असता. झेवियर मात्र आनंदले. तरीही त्या वेळी हाताशी असलेल्या जहाजाने ते जपानला गेले नाहीत. गेले असते तर घाईची जुनी चूक पुन्हा झाली असती, असे मला वाटते.

त्यांनी प्रथम माहिती मिळवली. कप्तान आल्व्हारेस ह्यांना त्यांनी जपानचा लेखी वृत्तांत तयार करावयास सांगितले. तेथील पिके, घरे, हवामान, भूकंप, लोकांचा स्वभाव, देवळे व भिक्षू, सर्व काही त्यात आले. गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयाचे रेक्टर फादर लान्सिलोट्टो ह्यांनी अंजिरोची विचारपूस करून जपानमधील धर्माविषयी दुसरा वृत्तांत लिहिला. ह्या वृत्तांतात पुष्कळ गैरसमज होते, कारण अंजिरो शास्त्री नव्हता आणि त्याच्या देशातील धर्मग्रंथ ज्या लिपीत होते ती त्याला नीट वाचता येत नव्हती. पण विचारून घेण्याचा प्रयत्न तर झाला!

अंजिरो व त्याचे दोन जपानी सोबती गोव्याच्या महाविद्यालयात राहिले. १५४८च्या पेन्टेकॉस्ट सणाला, २० मे रोजी, बिशप जुआंव दे आल्बुकर्क ह्यांनी त्या तिघांना स्नानसंस्कार दिला. अंजिरोचे नाव पाउलो दे सांता फे असे ठेवण्यात आले. काही महिन्यांतच तो पोर्तुगीज वाचू-लिहू लागला, आणि फादर कॉस्मे दे टोरेस ह्यांच्याकडून त्याने संत मत्तयचे शुभवर्तमान समजावून घेतले. हे टोरेस स्पॅनिश धर्मगुरू. झेवियर ह्यांची त्यांच्याशी १५४६ साली आंबोइना बेटावर भेट झाली होती आणि त्या भेटीचा परिणाम म्हणून ते येशूसंघात आले. जपानसाठी झेवियर ह्यांनी त्यांनाच निवडले. म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा असे दोघेही एकाच प्रवासाची तयारी करीत होते. ब्रदर जुआन फर्नांडिस हे तिसरे. पदवी नाही, पुरोहितपद नाही, परंतु भाषेचा कान उत्तम. पुढे जपानमध्ये सर्वांहून अधिक उपयोग झाला तो त्यांचाच.

ह्याच काळात झेवियर आपल्या वसईलाही येऊन गेले. गव्हर्नर जुआंव दे कास्त्रो १५४८च्या आरंभी वसईत मुक्कामाला होते, म्हणून त्यांची भेट घ्यायला झेवियर गोव्याहून समुद्रमार्गे येथे आले. वसईच्या किल्ल्यात आज आपण जे भग्न अवशेष पाहतो, त्यांतील बराचसा भाग तेव्हा उभा राहायचा होता.

जाण्यापूर्वी मागचे घर लावून देणे हाही तयारीचाच भाग होता. गोव्यातील जबाबदाऱ्या त्यांनी वाटून दिल्या. फादर गास्पार बार्झेउस ह्यांना इराणच्या आखातातील ओर्मूझ बंदरी पाठवताना त्यांनी एक दीर्घ सूचनापत्र लिहिले. परदेशी मिशनकार्याला निघालेल्या कोणीही ते वाचावे. आधी स्वतःच्या आत्म्याकडे पाहावे, मग इतरांच्या. रुग्णालय आणि तुरुंग ह्यांना नियमित भेट द्यावी. कोणाच्या देणग्यांच्या ओझ्याखाली राहू नये. व्यापाऱ्यांशी, शिपायांशी बोलून त्या गावात व्यवहार कसे चालतात, फसवणूक कशी होते, हे जाणून घ्यावे. झेवियर ह्यांच्या मते माणसे हीच जिवंत पुस्तके होत आणि प्रवचनाची तयारी त्यांच्यातूनच करायची असते. पॅरिस विद्यापीठातील मास्टर हे लिहीत होता, हे लक्षात घ्यावे.

मित्रांनी त्यांना परोपरीने अडवून पाहिले. तुफाने, चाचे, खडक. तीन जहाजांपैकी दोन सुखरूप पोहोचली तरी लोक नशीब समजत. झेवियर ह्यांनी धोके नाकारले नाहीत. परमेश्वरावरील भरवसा गमावण्याचा धोका त्यांना सर्वांत मोठा वाटत होता, एवढेच.

एप्रिल १५४९मध्ये त्यांनी गोवा सोडले. सोबत फादर टोरेस, ब्रदर फर्नांडिस, पाउलो व त्याचे दोन जपानी सोबती, मानुएल नावाचा चिनी तरुण आणि आमादोर नावाचा मलबारी सेवक. ह्या मलबारी बांधवाची आठवण आपण सहसा काढत नाही. मलाक्का येथे कप्तान पेद्रो दा सिल्व्हा ह्यांनी त्यांना उत्तम प्रतीची तीस बहार मिरी दिली. जपानमध्ये ती विकून खर्च भागवावा आणि मंदिर उभारावे, हा हेतू. राजासाठी भेटवस्तूही दिल्या. वास्को दा गामाच्या ह्या मुलाने मिशनकार्याला केलेले साहाय्य मोठे होते. जपानकडे जाणारे पोर्तुगीज जहाज मिळेना, तेव्हा एका चिनी जहाजाने जायचे ठरले. त्या जहाजाच्या मालकाला बंदरात सर्व जण लुटारू ह्या नावानेच ओळखत. २४ जून रोजी जहाज सुटले. वाटेत मालक आपल्या मूर्तीपुढे कौल लावी आणि कौल आला की दिशा बदली. वादळात त्याची मुलगी समुद्रात पडून मरण पावली. हिवाळा चीनमध्ये काढण्याचा त्याचा विचार होता, परंतु वाऱ्याने व चाच्यांच्या भीतीने जहाज अखेर जपानकडेच नेले. १५ ऑगस्ट १५४९, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, ही मंडळी कागोशिमाला उतरली. पंधरा वर्षांपूर्वी मोंमार्त्रवर घेतलेल्या व्रतांचा तोच दिवस.

आता तयारीचे काय झाले ते पाहू. काही गोष्टी उत्तम उपयोगी पडल्या. पाउलोने गोव्याहून नेलेले मरियामातेचे चित्र कागोशिमाच्या सरदाराला दाखवले, तेव्हा त्याने गुडघे टेकले, आणि त्याच्या आईने तसेच चित्र मिळेल का अशी चौकशी केली. मांसमच्छी खाणाऱ्या धर्मगुरूंचा तेथील भिक्षूंना विटाळ वाटेल असे पाउलोने आधीच सांगितले होते, म्हणून झेवियर ह्यांनी साधा शाकाहार पत्करला. आपल्या मिशनरींच्या इतिहासात ताटाचा प्रश्न अनेकदा गौण मानला गेला. झेवियर ह्यांनी तो तसा मानला नाही.

भाषेपुढे मात्र ते असाहाय्य होते. लोक त्यांच्याविषयी भोवती बोलत असत आणि ते मूर्तीसारखे मूक बसून राहत. दहा आज्ञांचे विवरण जपानीत म्हणावयास शिकण्यातच चाळीस दिवस गेले. हिवाळ्यात पाउलोने सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या जीवनापर्यंतचे एक मोठे विवरण भाषांतरित केले. मिशनरींनी ते रोमन अक्षरांत उतरवून घेतले आणि रस्त्याच्या कडेला बसून वाचून दाखवू लागले. उच्चार ऐकून लोक हसत. कागोशिमात वर्षभरात सुमारे शंभर जणांनी स्नानसंस्कार घेतला. त्यांना पाउलोच्या हवाली करून १५५०च्या ऑगस्टमध्ये झेवियर पुढे निघाले.

त्यांना गाठायचे होते मियाको, म्हणजे आजचे क्योटो. जपानचा राजा तेथे राहतो, त्याची परवानगी मिळाली की सर्व देश मोकळा होईल, अशी त्यांची समजूत होती. मलाक्काहून आणलेल्या भेटवस्तू त्यांनी हिरादो बंदरी ठेवल्या आणि भर हिवाळ्यात, सुजलेल्या पायांनी, जुन्या झग्यात बर्फ तुडवत ते चालले. काही टप्पा तर एका सरदाराच्या लवाजम्यामागून धावत काढला. मुले दगड मारीत. दारिद्र्य हे ख्रिस्ताच्या प्रेषिताचे भूषण आहे, ह्यात त्यांना शंका नव्हती. पण मियाको युद्धांनी उद्ध्वस्त झाले होते. सम्राट नावापुरता होता आणि नजराणा नसलेल्या माणसाला त्याच्या दारातही उभे करीत नव्हते. हिएई डोंगरावरील प्रसिद्ध मठविद्यापीठाचे दारही उघडले नाही. अकरा दिवसांनी ते परत फिरले.

मला ह्या संताची खरी महती ह्या परतीच्या वाटेवर दिसते. ज्या दारिद्र्यावर त्यांचे जीव ओवाळून टाकावे इतके प्रेम होते, ते दारिद्र्य ह्या देशात सुवार्तेच्या आड येत आहे, हे त्यांनी ओळखले. हिरादोहून भेटवस्तू घेऊन, रेशमी पोशाख घालून, गव्हर्नर व गोव्याचे बिशप ह्यांची चर्मपत्रावरील पत्रे हाती धरून ते १५५१च्या वसंतात यामागुचीच्या सरदारापुढे, ओउची योशिताका ह्यांच्यापुढे, उभे राहिले. घड्याळ, वाद्य, चष्मे अशा अपूर्व वस्तू पाहून दरबार थक्क झाला. योशिताका ह्यांनी बदल्यात दिलेले धन झेवियर ह्यांनी घेतले नाही. मागितली ती फक्त प्रवचनाची परवानगी. ती मिळाली, आणि राहावयास एक रिकामा मठही मिळाला.

तेथे दिवसरात्र प्रश्नांची रीघ लागली. अंजिरोने मलाक्कात सांगितले होते, अगदी तसेच. देव चांगला आहे तर त्याने वाईट का निर्माण केले? चिनी लोकांना हा धर्म ठाऊक कसा नाही? आणि सुवार्ता न ऐकता मेलेल्या आमच्या वाडवडिलांचे काय? ह्या शेवटच्या प्रश्नावर नवख्रिस्ती लोक रडत असत, आणि ते पाहून झेवियर ह्यांचेही मन भरून येई. फर्नांडिस रस्त्यावर बोलत असताना एक जण त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी तोंड पुसले आणि वाक्य पुढे चालू ठेवले. ते पाहणाऱ्या एका विरोधकाने पुढे स्नानसंस्कार घेतला, असे सांगतात. यामागुचीत सुमारे पाचशे लोक ख्रिस्ती झाले. त्याच काळात ख्रिस्तसभेत आलेला एक अर्धवट आंधळा वादक लोरेन्सो ह्या नावाने येशूसंघाचा पहिला जपानी ब्रदर झाला.

आणि येथेच जुनी तमिळ चूक नव्या रूपात पुढे आली. पाउलोने परमेश्वराला दाइनिची हा शब्द योजला होता. शिंगोन पंथाचे भिक्षू ह्या परदेशी माणसांवर फारच खूश होते, कारण दाइनिची हे त्यांच्याच पंथातील परमतत्त्वाचे नाव. झेवियर ह्यांना संशय आला. त्यांनी त्या भिक्षूंना त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या मरणाविषयी विचारले. उत्तरे ऐकली तेव्हा दोन वर्षे आपण कोणाची आराधना करावयास सांगत होतो, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी फर्नांडिस ह्यांना लगेच रस्त्यावर पाठवले आणि दाइनिचीची आराधना करू नका असे जाहीर करावयास लावले. त्यानंतर लॅटिन व पोर्तुगीजमधील देउस हाच शब्द वापरण्यात आला. पापकबुलीपेक्षाही कठीण असे हे काम. आपण शिकवलेले चुकले, हे भर चौकात सांगणे कोणत्या धर्मगुरूला सोपे जाते?

१५५१च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जपान सोडले. टोरेस व फर्नांडिस मागे राहिले. गोव्याला परतल्यावर एप्रिल १५५२मध्ये त्यांनी इग्नेशियस ह्यांना कळवले की, जपानला पाठवायची माणसे पारखलेली असावीत, वादविवादाची विद्या शिकलेली असावीत, भूक आणि थंडी सोसणारी असावीत, फार तरुण नकोत व फार वृद्धही नकोत. थंडीची सवय असलेले फ्लँडर्स व जर्मनीकडील लोक बरे, हेही त्यांनी सुचवले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९३ साली दुभाषे म्हणून जपानला गेले, तेव्हा त्यांना तेथील भाषा अस्खलित येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिला.

झेवियर स्वतः चीनकडे निघाले. ह्या वेळी वकिलातीची, नजराण्यांची सारी सिद्धता होती, परंतु मलाक्काच्या नव्या कप्तानाने ती मोडून काढली. सांशियन बेटावर ते जवळजवळ एकटे राहिले. कँटनला चोरून नेण्यासाठी एका चिनी व्यापाऱ्याने मोबदला म्हणून मिरी ठरवून घेतली होती. तो आलाच नाही. जवळ होता अंतोनियो, गोव्याच्या महाविद्यालयात शिकलेला चिनी तरुण. इतकी वर्षे गोव्यात राहून तो आपली भाषा बरीचशी विसरला होता. ३ डिसेंबर १५५२च्या पहाटे झेवियर ह्यांचा प्राण गेला, तेव्हा त्यांच्या हातात मेणबत्ती धरली ती ह्या अंतोनियोनेच.

जपानमध्ये राहिलेले ब्रदर फर्नांडिस १५६७ साली हिरादो येथे निवर्तले, फादर टोरेस १५७० साली. दोघेही युरोपला कधी परतले नाहीत.